काचबिंदूचा संशय आहे, पण निदान नाही: या मधल्या काळाचं काय करायचं?

चाळिशीनंतर माणूस चष्म्याचा नंबर काढायला जातो. डॉक्टर डोळ्यात दिवा टाकून बघतात, जरा थांबतात, पुन्हा बघतात. मग दोन-तीन जास्तीच्या तपासण्या होतात आणि शेवटी ऐकायला मिळतं, "काचबिंदू आहे असं आज म्हणता येत नाही, पण नाहीच असंही सांगता येत नाही. सहा महिन्यांनी या, परत बघू." फाईलवर 'ग्लॉकोमा सस्पेक्ट' असं लिहिलेलं असतं. थेंब दिलेले नसतात, पथ्य सांगितलेलं नसतं, हातात फक्त पुढची तारीख असते.

आजार पक्का असेल तर घरातले सगळे कामाला लागतात. आजार नाही म्हटलं तर विषय मिटतो. या दोन्हींच्या मधे लोंबकळत राहणं फार जड जातं. "मग आहे का नाही?" या घरच्यांच्या प्रश्नाला देण्यासारखं उत्तरच नसतं. माझ्या आईला काचबिंदू आहे आणि माझं नाव संशयितांच्या यादीत आहे, त्यामुळे हा प्रश्न मला चांगला ओळखीचा आहे. इथे मला मुख्यतः एक गोष्ट सांगायची आहे. ही अनिश्चितता डॉक्टरांच्या अज्ञानातून आलेली नसते. काचबिंदू इतका सावकाश चालतो आणि त्याची मोजमापं इतकी खाली-वर होतात, की एका दिवसाच्या तपासणीवरून निकाल देणं पुष्कळदा शक्यच नसतं. काही काळ जाऊ देणं हा या निदानाचाच भाग आहे. ते का, हे समजलं की त्या तारखेकडे बघण्याची नजर बदलते.

डोळ्यात काय घडतं

डोळ्याच्या पुढच्या भागात एक स्वच्छ पाणी सतत तयार होत असतं. अश्रूंशी त्याचा संबंध नाही. ते डोळ्याच्या आत तयार होतं, बाहुलीतून पुढे येतं आणि पुढच्या पारदर्शक पडद्याच्या, म्हणजे कॉर्नियाच्या कडेला असलेल्या बारीक जाळीतून निचरा होऊन रक्तात मिसळतं. येणं आणि जाणं सारखं असलं की डोळ्याचा दाब ठीक राहतो. निचरा अडला की दाब वाढतो.

डोळ्याच्या मागच्या पडद्यावरून सुमारे १० ते १२ लाख बारीक तंतू एकत्र येतात आणि त्यांची एक नस होऊन मेंदूकडे जाते. काचबिंदूत या नसेतले तंतू हळूहळू मरतात. मेलेला तंतू परत येत नाही. मोतीबिंदू आणि काचबिंदू यांची नावं जोडीने घेतली जातात, पण त्यांच्यात हाच मोठा फरक आहे. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं की नजर परत येते. काचबिंदूत गेलेली नजर परत येत नाही, उरलेली मात्र राखता येते.

बहुतेकदा आधी जाते ती मधल्या वाचायच्या नजरेभोवतीची, बाजूची नजर. एका डोळ्याची उणीव दुसरा भरून काढतो, उरलेलं मेंदू सांधून घेतो, आणि त्यामुळे माणसाला काहीच कळत नाही. भारतात चाळिशीपुढच्या सुमारे १ कोटी १२ लाख लोकांना काचबिंदू असावा असा २०१० मध्ये प्रसिद्ध झालेला अंदाज आहे. गावोगाव जाऊन केलेल्या पाहण्यांत ज्यांना हा आजार सापडला, त्यांतल्या १० पैकी सुमारे ९ जणांना तोवर त्याचा पत्ताच नव्हता. हे आकडे भीतीदायक आहेत खरे, पण ते ज्यांच्या डोळ्यांकडे कुणी पाहिलंच नाही अशा लोकांचे आहेत. तुमच्या डोळ्यांकडे कुणीतरी पाहिलेलं आहे आणि पुन्हा पाहणार आहे.

दाबाचा आकडा

सगळ्यांना पाठ असलेला आकडा म्हणजे २१. डोळ्याचा दाब १० ते २१ मिलीमीटर पारा असेल तर 'नॉर्मल', त्याच्या वर गेला की काळजी. ही रेघ कुठून आली ते मात्र फारसं कुणी सांगत नाही. पुष्कळ लोकांचे दाब मोजले, सरासरी काढली आणि त्याहून बऱ्याच वर असलेल्यांना वेगळं काढलं, तर रेघ साधारण २१ वर पडते. ती गणिताची रेघ आहे. तिच्या अलीकडे सगळे सुरक्षित आणि पलीकडे सगळे आजारी, असं काही नसतं. २४-२५ दाब असलेल्या कित्येकांच्या नसेला आयुष्यभर काही होत नाही. उलट १५-१६ दाब असतानाही काहींची नस झिजते. त्याला 'नॉर्मल टेन्शन ग्लॉकोमा' म्हणतात, आणि तो दुर्मीळ नाही.

शिवाय हा आकडा दिवसभर एक राहत नाही. निरोगी डोळ्यातही तो सकाळ-संध्याकाळ काही अंकांनी वर-खाली होतो, आणि रात्री आडवं झाल्यावर वाढतो. मोजताना श्वास रोखला, डोळे गच्च मिटायचा प्रयत्न केला किंवा शर्टाची कॉलर घट्ट असली तरीही तो वाढलेला दिसतो. म्हणून हवेचा झोत मारणाऱ्या यंत्रावर जास्त आलेला दाब डॉक्टर निळ्या दिव्याच्या, डोळ्याला हलकेच टेकणाऱ्या उपकरणावर पुन्हा मोजतात. गरज पडली तर दिवसभर बसवून ठरावीक तासांनी मोजतात.

कॉर्नियाची जाडी हा आणखी एक मुद्दा. कॉर्निया जाड असेल तर दाब खऱ्यापेक्षा जास्त दिसतो, पातळ असेल तर कमी. पॅकीमेट्री नावाच्या छोट्या तपासणीत ती मोजतात. साधारण ५२० ते ५४० मायक्रॉनच्या आसपास ती बहुतेकांची असते. ज्यांनी चष्मा घालवायचं लेसर ऑपरेशन करून घेतलं आहे त्यांचा कॉर्निया पातळ झालेला असतो, त्यामुळे दाब फसवा कमी येतो. वीस वर्षांपूर्वी केलेलं असलं तरी ते डॉक्टरांना आठवणीने सांगायला हवं. तुमच्या फाईलमध्ये पॅकीमेट्रीचा आकडा नसेल तर विचारा. दाबाच्या आकड्याला त्याच्याशिवाय पुरता अर्थ येत नाही.

'कप मोठा आहे' म्हणजे काय

नस जिथून डोळ्याबाहेर पडते तिथे आतून पाहिलं की एक गोल चकती दिसते, आणि तिच्या मधे खोलगट भाग असतो. चकतीला डिस्क म्हणतात, खोलगट भागाला कप. कपाची उंची डिस्कच्या उंचीच्या किती, हे ०.३, ०.५, ०.७ असं लिहितात. तंतू मेले की काठ बारीक होतो आणि कप वाढतो, म्हणून मोठा कप दिसला की संशय येतो.

पण काही माणसं जन्मतःच मोठ्या डिस्कची असतात. तितकेच तंतू मोठ्या जागेत पसरलेले असतात, त्यामुळे मधे खोलगट भाग जास्त उरतो. अशा माणसाचा ०.७ पूर्ण निरोगी असू शकतो, आणि लहान डिस्क असलेल्याचा ०.५ सुद्धा काळजीचा असू शकतो. डॉक्टरांचं लक्ष त्या एका आकड्यापेक्षा काठ कुठे बारीक झालाय, विशेषतः वर आणि खाली, दोन डोळ्यांत फरक किती आहे, डिस्कच्या कडेला रक्ताचा बारीक ठिपका दिसतो का, याकडे जास्त असतं.

एक डॉक्टर ०.६ म्हणतो आणि दुसरा ०.७, हे ऐकून लोक हबकतात. "चार महिन्यांत वाढला!" वास्तविक हा अंदाज डोळ्यांनी केलेला असतो, आणि दोन अनुभवी डॉक्टरांत एवढा फरक पडणं नेहमीचं आहे. म्हणून डिस्कचा फोटो काढून ठेवणं मोलाचं. पाच वर्षांनी फोटोशेजारी फोटो ठेवता येतो, आठवणीशेजारी आठवण ठेवता येत नाही.

कोन अरुंद असेल तर गोष्ट वेगळी

पाण्याचा निचरा ज्या कोपऱ्यातून होतो तो काहींचा जन्मतः किंवा वयानुसार अरुंद होतो. भारतात आणि पूर्व आशियात हे युरोपपेक्षा जास्त आढळतं. तो कोन बघायला डोळा बधिर करून वर एक आरशाची काच ठेवतात, त्याला गोनिओस्कोपी म्हणतात. तुमची ती झाली आहे का आणि कोन उघडा आहे की अरुंद, हे माहीत असायलाच हवं, कारण पुढच्या सगळ्या सूचना त्यावर ठरतात.

अरुंद कोनाच्या संशयितांना पूर्वी सरसकट लेसर करून बुबुळाला बारीक भोक पाडत. चीनमधल्या ग्वांगझू इथे ८८९ जणांच्या एका डोळ्याला असं लेसर करून दुसरा तसाच ठेवला आणि ६ वर्षं पाहिलं. लेसर केलेल्या १९ डोळ्यांत पुढची अडचण उद्भवली, न केलेल्या ३६ डोळ्यांत. म्हणजे लेसरने धोका निम्मा झाला, पण मुळात तोच फार लहान होता. २०१९ मध्ये हे प्रसिद्ध झालं आणि तेव्हापासून 'प्रत्येकाला लेसर' याऐवजी माणूस बघून ठरवण्याकडे कल आहे. ज्याचं गाव डोळ्यांच्या दवाखान्यापासून लांब आहे, ज्याला वेळेवर पुन्हा येणं जमणार नाही, ज्याच्या घरात कुणाला कोन एकाएकी बंद होऊन डोळ्याचा झटका येऊन गेलाय, त्याला डॉक्टर लेसर सुचवतील, आणि ते योग्यच आहे.

अरुंद कोन असणाऱ्यांनी एक गोष्ट लक्षात ठेवावी. डोळा एकाएकी जोरात दुखायला लागला, लाल झाला, दिव्याभोवती रंगीत वलयं दिसली, नजर धुरकट झाली, सोबत डोकेदुखी आणि उलट्या, असं झालं तर सकाळची वाट न बघता त्याच वेळी डोळ्यांचा इमर्जन्सी विभाग गाठायचा. असं पोटाचं किंवा अर्धशिशीचं समजून घरी थांबण्यात डोळा जाऊ शकतो. सर्दीची काही औषधं आणि मानसिक आजारांवरची काही औषधं अशा डोळ्याला त्रास देऊ शकतात, म्हणून कुठल्याही डॉक्टरांना 'माझा कोन अरुंद आहे' हे सांगायचं.

लाल-हिरवा कागद

ओसीटी, म्हणजे नसेच्या तंतूंच्या थराची जाडी मोजणारं स्कॅन, करून बाहेर आलं की हातात रंगीत कागद येतो आणि डोळे आधी लाल रंग शोधतात. त्या रंगांचा अर्थ असा की यंत्राकडे काहीशे निरोगी लोकांची मापं साठवलेली असतात आणि तुमच्या तंतूंच्या थराची जाडी त्यांच्याशी ताडून पाहिली जाते. निरोगी १०० लोकांतल्या सगळ्यात पातळ ५ जणांत तुमचं माप बसलं तर पिवळं, सगळ्यात पातळ एकात बसलं तर लाल. म्हणजे पूर्ण निरोगी लोकांतही कुणाचा ना कुणाचा एखादा भाग रंगीत येणारच. कागदावर असे कितीतरी भाग असतात. त्यातून जाड मायनस नंबर असेल तर तंतूंची ठेवणच वेगळी असते आणि यंत्र उगाच लाल दाखवतं. उलट बाजूने, सगळं हिरवं आलं म्हणून निर्धास्तही होता येत नाही, कारण एखाद्याचा थर मुळात खूप जाड असला तर तो बराच झिजूनही हिरव्यातच राहतो.

म्हणून एकट्या कागदाला मर्यादित किंमत आहे. दाराच्या चौकटीवर पेन्सिलीने मुलाची उंची खुणावून ठेवतात, तसं हे आहे. एक खूण बघून मूल वाढतंय की नाही ते कळत नाही. खुणांमधलं अंतर बोलतं. पहिली ओसीटी ही तुमची पहिली खूण.

त्यातही दोन खुणांमधल्या लहान फरकाला घाबरायचं कारण नाही. या थराची सरासरी जाडी साधारण ९० ते १०० मायक्रॉन असते, म्हणजे मिलीमीटरच्या दहाव्या भागाच्या आसपास. एकाच माणसाची एकाच दिवशी दोनदा ओसीटी केली तरी ४-५ मायक्रॉनचा फरक पडू शकतो. वयानुसार वर्षाला सुमारे अर्धा मायक्रॉन कमी होणं स्वाभाविक आहे. गेल्या वर्षी ९२ होतं, यंदा ८९ आलं, एवढ्यावरून झीज झाली असं कुणी जाणता डॉक्टर म्हणणार नाही. डोळे कोरडे असले, हलले किंवा मोतीबिंदू आडवा आला तर सिग्नल कमी येतो आणि थर पातळ दिसतो. कागदावर सिग्नल स्ट्रेंग्थ लिहिलेली असते, तीही बघा. आणि शक्यतो प्रत्येक वेळी त्याच कंपनीच्या मशीनवर तपासणी करा. वेगळ्या मशीनचे आकडे एकमेकांशी ताडता येत नाहीत.

फील्ड टेस्ट

मला सगळ्यात जास्त नजरेची व्याप्ती मोजणाऱ्या या तपासणीबद्दल लिहायचंय, कारण सगळ्यात जास्त माणसं इथे खचतात. एक डोळा झाकून पांढऱ्या घुमटात हनुवटी टेकायची, मधल्या दिव्याकडे बघत राहायचं आणि बाजूला कुठेही प्रकाशाचा ठिपका चमकला की बटण दाबायचं. काही ठिपके लख्ख असतात, काही इतके पुसट की दिसला का भास झाला तेच कळत नाही. मधेच बराच वेळ काहीच दिसत नाही. त्या शांततेत माणूस मनाशी म्हणतो, "संपलं. माझी नजर गेली."

यंत्र त्या वेळी काय करत असतं ते आधीच सांगितलं पाहिजे. डोळ्याच्या पडद्यावरच्या पन्नासेक जागी ते तुमच्या नजरेची सीमा शोधत असतं. ठिपका दिसला की पुढचा त्याहून पुसट, नाही दिसला की जरा ठळक, असं करत जो ठिपका तुम्हाला जेमतेम अर्ध्या वेळा दिसतो तिथवर ते पोचतं. म्हणजे निरोगी माणसालाही ठिपक्यांपैकी साधारण निम्मे दिसत नाहीत. तपासणीची रचनाच तशी आहे. न दिसलेल्या ठिपक्यांवरून तुम्हाला आतून काहीही अंदाज करता येत नाही, करूही नका.

दुसरी गोष्ट, या तपासणीचाही सराव लागतो. पहिल्या एक-दोन वेळा निकाल पुष्कळांचा वाईट येतो आणि नंतर सुधारतो, तोही नजरेत काही फरक न पडता. अमेरिकेत डोळ्याचा दाब जास्त असलेल्या लोकांवर झालेल्या एका मोठ्या अभ्यासात, ज्याच्याबद्दल पुढे येईलच, पहिल्यांदा खराब आलेल्या फील्डपैकी सुमारे ८६ टक्के फील्ड पुन्हा केल्यावर खराब आल्या नाहीत. हा आकडा मला फार मोलाचा वाटतो. डॉक्टर म्हणाले, "परत करावी लागेल," तर त्याचा अर्थ वाईट बातमी असा घ्यायचं कारण नाही. सातांतल्या सहा वेळा ती बातमी परत केल्यावर विरून जाते.

ती करताना काही साध्या गोष्टींनी फरक पडतो. रात्रपाळी करून किंवा लांबचा प्रवास करून थेट बसू नका. वरची पापणी ओघळलेली असेल तर ती टेपने वर धरायला सांगा, नाहीतर वरचा भाग काळा येतो. पापण्या नेहमीसारख्या मिटा, ताणून उघडे ठेवलेले डोळे कोरडे पडून धुरकट होतात. थकलात तर बहुतेक यंत्रांवर बटण दाबून धरलं की तपासणी थांबते. दमून चुकीची बटणं दाबण्यापेक्षा अर्धा मिनिट थांबणं चांगलं.

मग थेंब लगेच का सुरू करत नाहीत?

"संशय आहे तर औषध घालून मोकळं व्हा ना," हा घरच्यांचा प्रश्न अगदी रास्त आहे. याचं उत्तर शोधायलाच अमेरिकेत १९९४ मध्ये तो अभ्यास सुरू झाला. डोळ्याचा दाब वाढलेला, पण नस आणि फील्ड चांगली असलेले १,६३६ लोक घेतले. निम्म्यांना दाब २० टक्क्यांनी उतरेल असे थेंब दिले, निम्म्यांवर फक्त लक्ष ठेवलं. २००२ मध्ये निकाल आला. ५ वर्षांत थेंब न घेणाऱ्यांपैकी ९.५ टक्के लोकांना काचबिंदू झाला, घेणाऱ्यांपैकी ४.४ टक्के लोकांना.

हे आकडे दोन्ही बाजूंनी वाचावे लागतात. थेंबांनी धोका निम्म्याहून कमी झाला, हे खरं. पण औषध न घेता ५ वर्षं राहिलेल्या १०० पैकी ९० जणांना काहीच झालं नाही, हेही तेवढंच खरं. त्या ९० जणांनी रोज रात्री थेंब घातले असते, लाल डोळे सोसले असते, दर महिन्याला पैसे मोजले असते, आणि त्यातून हाती काही आलं नसतं.

मग थांबल्याने नुकसान होतं का? तेही पुढे पाहिलं गेलं. ज्यांना थेंब दिले नव्हते त्यांना साडेसात वर्षांनी ते सुरू केले आणि १३ वर्षांनी हिशोब मांडला. सगळ्यात कमी धोका असलेल्या एक-तृतीयांश हिश्श्यात, उशिरा थेंब मिळालेल्या ८ टक्के लोकांना काचबिंदू झाला, आधीपासून मिळालेल्या ७ टक्के लोकांना. म्हणजे थांबून जवळजवळ काही गेलं नाही. सगळ्यात जास्त धोक्याच्या हिश्श्यात मात्र हेच आकडे ४० आणि २८ होते. तिथे थांबणं महागात पडलं.

माझ्या मते संशयिताने सगळ्यात आधी समजून घ्यावं असं हेच आहे. 'थांबू या' हा सल्ला सगळ्यांसाठी सारखा नसतो. धोका ठरतो तो मुख्यतः पाच गोष्टींवरून: वय, दाब, कॉर्नियाची जाडी, कप किती मोठा आहे आणि फील्डमधली चढउतार. यावरून पुढच्या ५ वर्षांचा अंदाज काढायची तक्ते-गणितं डॉक्टरांकडे असतात. म्हणून "मला काचबिंदू होईल का?" हा प्रश्न विचारू नका, त्याचं प्रामाणिक उत्तर कुणाकडे नसतं. "माझा धोका कमी आहे, मध्यम आहे की जास्त, आणि काय दिसलं तर तुम्ही थेंब सुरू कराल?" असं विचारा. याचं उत्तर मिळतं, आणि ते मिळाल्यावर पुढचे सहा महिने बरेच हलके जातात.

त्याच लोकांना २० वर्षांनी पाहिलं तेव्हा ४६ टक्क्यांच्या आसपास लोकांना एका तरी डोळ्यात काचबिंदू झालेला होता, आणि फील्ड बिघडलेली होती ती साधारण २५ टक्के लोकांची. पाच वर्षं काही निघालं नाही म्हणून तपासणी सोडून देणाऱ्यांनी हा आकडा विसरू नये.

दोन तारखांच्या मधे

या काळात अनेकांना एक सवय लागते. एक डोळा झाकून समोरच्या भिंतीवरचं कॅलेंडर बघायचं, मग दुसरा. सकाळी जरा धुरकट दिसलं की पोटात गोळा. ही धडपड समजण्यासारखी आहे, पण तिचा उपयोग नाही. काचबिंदूची झीज महिन्या-वर्षांच्या मापाने होते आणि सुरुवातीची झीज घरी एक डोळा झाकून कुणालाही सापडत नाही. रोजचं खाली-वर बहुधा कोरड्या डोळ्यांचं, अपुऱ्या झोपेचं किंवा बदललेल्या नंबरचं असतं. बघून ठेवायची लक्षणं वेगळी आहेत. वर सांगितलेला एकाएकी दुखणारा डोळा, आणि अचानक दिसणाऱ्या विजा, काळ्या ठिपक्यांचा पाऊस किंवा पडदा ओढल्यासारखं वाटणं. ही दुसरी लक्षणं काचबिंदूची नसून डोळ्याच्या पडद्याची असतात, पण धावपळ तेवढीच तातडीची.

हातात असलेली सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे स्टेरॉइड. डोळ्याला खाज सुटली, लाली आली की मेडिकलमधून मागच्या वेळचेच थेंब आणायची आपल्याकडे सर्रास पद्धत आहे. त्यांत पुष्कळदा स्टेरॉइड असतं. बरं लगेच वाटतं, पण काही लोकांत ते डोळ्याचा दाब वाढवतं, आणि काचबिंदूकडे कल असलेल्यांत ते जास्त घडतं. चेहऱ्याला, पापण्यांना लावायची गोरेपणाची किंवा खाजेची मलमं, दीर्घकाळ घेतलेल्या गोळ्या, इनहेलर यांतही ते असू शकतं. दम्याचा इनहेलर स्वतःहून बंद करायचा नाही, तो जीवाचा प्रश्न आहे. मात्र आपण तो घेतो हे डोळ्यांच्या डॉक्टरांना सांगायचं. आणि चिठ्ठीशिवाय डोळ्यात कुठलेच थेंब घालायचे नाहीत. मध, कांद्याचा रस, कुणी सांगितलेला अर्क, हेही नाही.

योगासनं करणाऱ्यांसाठी थोडं. चेन्नईच्या शंकर नेत्रालयातल्या डॉक्टरांनी शीर्षासन करणाऱ्यांचा दाब मोजला तेव्हा त्या आसनात तो दुपटीच्या आसपास गेलेला आढळला. खाली आल्यावर तो उतरतो, पण संशयिताने डोकं खाली-पाय वर ही आसनं टाळावीत हे बरं. चालणं, सायकल, बाकीची आसनं चालू ठेवावीत. उठल्याबरोबर तांब्याभर पाणी एका दमात पिण्याची सवय अनेक घरांत आहे. पाच मिनिटांत लिटरभर पाणी प्यायलं की डोळ्याचा दाब काही काळ वाढतो, इतका की डॉक्टर ती एक तपासणी म्हणूनही वापरत आले आहेत. पाणी प्या, थोडं थोडं करून प्या.

मनाच्या ताणाचं काय? दिल्लीच्या एम्समध्ये काचबिंदू झालेल्या ९० रुग्णांपैकी निम्म्यांनी ३ आठवडे रोज ध्यान केलं तेव्हा त्यांचा दाब उतरलेला आढळला. अभ्यास लहान आहे, त्याच्या जोरावर औषधं सोडायची नाहीत. पण काळजीने झोप उडाली असेल, फोनवर रात्री उशिरापर्यंत अंधत्वाच्या गोष्टी वाचल्या जात असतील, तर ते डॉक्टरांना मोकळेपणाने सांगा. तो बोलायचा विषय आहे, आणि चांगले डॉक्टर कधीकधी तेवढ्यासाठी तारीख अलीकडे घेतात.

फाईल मात्र जिवापाड जपा. डिस्कचे फोटो, ओसीटी आणि फील्डचे सगळे कागद, पॅकीमेट्रीचा आकडा, गोनिओस्कोपीत काय दिसलं, दाब किती आणि किती वाजता मोजला. गाव बदललं, डॉक्टर बदलले, दुसरं मत घ्यावंसं वाटलं, तर ही फाईल नसेल तर सगळं पहिल्या खुणेपासून सुरू होतं. दुसरं मत घेण्यात गैर काही नाही. दोन डॉक्टरांचं जुळलं नाही, तर दोघांचाही धोक्याचा अंदाज काय आहे ते विचारा. बहुतेकदा अंदाज सारखाच असतो, फक्त एकाला थांबावंसं वाटतं आणि दुसऱ्याला नाही.

निदान झालंच तर

ज्याची भीती वाटते ते घडलं तरी काय घडतं, हेही माहीत असू द्या. लक्ष ठेवलेल्या डोळ्यात काचबिंदू सापडतो तो बहुधा फार लवकरच्या टप्प्यावर. मग दाब उतरवायचा. स्वीडनमधल्या एका अभ्यासात दिसलं की दाब जितका उतरवता येईल तितका आजार पुढे सरकण्याचा धोका कमी होतो, दर एका मिलीमीटरमागे सुमारे १० टक्क्यांनी. रोज रात्री एक थेंब हा नेहमीचा मार्ग. लेसरचाही पर्याय आहे, पण तो बुबुळाला भोक पाडणाऱ्या लेसरहून वेगळा. ब्रिटनमधल्या २०१९ च्या अभ्यासात आधी लेसर केलेल्या लोकांपैकी जवळजवळ तीन-चतुर्थांश लोकांना ३ वर्षांनंतरही थेंबांची गरज पडली नव्हती. अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यातल्या एका काउंटीत जुन्या नोंदी तपासल्या, तेव्हा १९६५ ते १९८० मध्ये निदान झालेल्यांपैकी २० वर्षांत एक तरी डोळा गमावण्याचं प्रमाण सुमारे २६ टक्के होतं, १९८१ ते २००० मध्ये निदान झालेल्यांत ते साडेतेरावर आलं होतं. त्यानंतर तपासण्या आणि औषधं आणखी सुधारली आहेत.

भावंडांना सांगा

सख्ख्या नात्यात काचबिंदू असेल तर धोका कित्येक पटींनी वाढतो, आणि भावंडांमध्ये तो सगळ्यात जास्त दिसतो. लग्नाच्या वयाच्या मुलीचं नाव निघेल, नातेवाईक उगाच घाबरतील म्हणून आपल्याकडे हे लपवलं जातं. आईचा काचबिंदू मावशीला माहीत नसतो, आणि मावशीच्या डोळ्यांकडे कुणी बघत नाही. तुम्ही अजून संशयितच असाल तरी घरात स्पष्ट सांगा. चाळिशी गाठलेल्या प्रत्येक बहीण-भावाने एकदा नेत्रतज्ज्ञांकडे जावं, आणि ज्यांच्या आई-वडिलांना काचबिंदू आहे त्यांनी चाळिशीचीही वाट बघू नये. चष्म्याच्या दुकानात नंबर काढून घेणं यासाठी पुरत नाही. बाहुली मोठी करून नस बघायला, त्याआधी कोन तपासायला आणि दाब मोजायला सांगावं, आणि पहिल्याच भेटीत "आमच्या घरात काचबिंदू आहे" असं म्हणावं.